युंग-हो-कुंग : एका राजवाड्याचे विहारात रूपांतर

बीजिंगच्या जुन्या अंतर्नगराच्या ईशान्य भागात, एके काळी जेथे शहराची तटबंदी उभी होती तेथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर, युंग-हो-कुंग नावाचा बौद्ध विहार आहे. तिबेटी बौद्ध धर्मातील गेलुग संप्रदायाचा हा विहार पाश्चात्य प्रवासवर्णनांतून ‘लामा मंदिर’ या नावाने प्रसिद्धीस आला. तथापि त्याच्या चिनी नावात मंदिरवाचक शब्द नाही. ‘युंग’ आणि ‘हो’ हे दोन्ही शब्द सलोखा, सामंजस्य या अर्थाचे असून ‘कुंग’ म्हणजे राजवाडा. ताओ पंथीयांच्या काही देवस्थानांना ‘कुंग’ म्हणण्याची रीत चीनमध्ये आहे हे खरे. परंतु बौद्ध विहारासाठी चिनी भाषेत रूढ असलेला शब्द ‘स्स’ हा होय. या ‘स्स’ शब्दाचा इतिहासही लक्षणीय आहे. त्याचा जुना अर्थ सरकारी कचेरी असा आहे. हान राजवटीत पश्चिमेकडून आलेले पहिले भिक्षू अशाच एका कचेरीत अतिथी म्हणून उतरले, आणि त्यावरून तो शब्द विहाराला लागला, अशी परंपरागत उपपत्ती आहे. म्हणजे चीनमध्ये विहाराचे सामान्यनामच मुळी राज्यकारभाराच्या कोशातून आलेले आहे. युंग-हो-कुंगच्या बाबतीत विशेषनामही राजाच्या घरातून आले.

मराठी वाचकाला यात फारसे चमत्कारिक वाटू नये. ‘देऊळ’ हा शब्द ‘देवकुल’ म्हणजे देवाचे घर यापासून आला. संस्कृतात ‘मंदिर’ म्हणजे प्रथमतः राहते घर, आणि ‘प्रासाद’ हा शब्द तर राजवाडा व देवालय या दोहोंसाठी एकाच सहजतेने वापरला जातो. परंतु शब्दाला दोन अर्थ असणे वेगळे, आणि एका विशिष्ट वास्तूने एका अर्थातून दुसऱ्या अर्थात जाणे वेगळे. युंग-हो-कुंगमध्ये हे संक्रमण इ.स. १७४४ मध्ये घडले. ते कोणी घडविले, कोणासाठी घडविले, आणि त्यानंतर ती वास्तू नेमकी कोणाची झाली, या प्रश्नांची उत्तरे तेथील शिलालेखांत व नामफलकांत चार भाषांतून दिलेली आहेत. आणि ती चारही उत्तरे एकसारखी नाहीत.

या जागेवर मिंग काळात राजवाड्यातील षंढ सेवकांची अधिकृत निवासस्थाने होती. छिंग वंशाचा सम्राट कांग-शी याने आपला चौथा पुत्र यिन-चन याच्यासाठी १६९४ साली येथे वाडा उभारला. यिन-चनला १७०९ मध्ये ‘युंग’ या पदवीचे राजपुत्रपद मिळाले व वाडा त्या पदवीने ओळखला जाऊ लागला. १७११ साली त्याचा पुत्र हुंग-ली, म्हणजेच पुढे च्यन-लुंग या नावाने गादीवर बसलेला सम्राट, याच वाड्यात जन्मला. या जन्मस्थानाविषयी पुढे वाद माजला व काहींनी तो मान उत्तरेकडील उन्हाळी राजधानीस दिला. स्वतः च्यन-लुंग मात्र आपला जन्म युंग-हो-कुंगमधलाच असे सांगत असे.

कांग-शीच्या मृत्यूनंतर १७२२ मध्ये यिन-चन गादीवर आला आणि युंग-चंग हे त्याच्या कारकिर्दीचे नाव झाले. वाडा सोडून तो निषिद्ध नगरीत राहावयास गेला. येथे छिंग दरबारचा एक संकेत ध्यानी घ्यावा लागतो. ज्या घरातून राजपुत्र सिंहासनाकडे गेला ते घर पुन्हा कोणा राजपुत्राला राहावयास देत नसत. तेथे ‘सुप्त नाग’ राहून गेला, असे म्हणत. नाग म्हणजे अर्थातच सम्राटाचे प्रतीक असलेला चिनी ‘लुंग’. असे घर मोडताही येत नाही व वापरताही येत नाही. १७२५ साली युंग-चंगने वाड्याला ‘युंग-हो-कुंग’ हे नाव दिले, आणि राजपुत्राचा वाडा त्यामुळे राजाचे प्रवासी निवासस्थान ठरला. १७३५ मध्ये युंग-चंग मरण पावला तेव्हा त्याची शवपेटिका येथे आणून ठेवण्यात आली. त्यासाठी मुख्य इमारतींवरील हिरवी कौले काढून पिवळी बसविण्यात आली. हिरवा रंग राजपुत्रांचा व पिवळा सम्राटाचा, असा नियम होता. पुढे काही वर्षे वाड्यातील एका दालनात मृत सम्राटाचे चित्र ठेवून त्याची पूजा होत असे. विहार होण्यापूर्वीच ही वास्तू अशा रीतीने पितृस्थान झालेली होती. हा टप्पा बहुतेक लेखक एका वाक्यात उरकतात. वस्तुतः पुढील सर्व घडामोडींची किल्ली तेथेच आहे.

च्यन-लुंगपुढे प्रश्न होता तो रिकाम्या घराचा. जन्म जेथे झाला ते घर, बापाचे शव जेथे ठेवले ते घर, ओस पडू देणे हे पुत्रधर्माला सोडून झाले असते. दुसऱ्या बाजूला राज्याची एक वेगळी गरज होती. मंगोल सरदारांची धर्मनिष्ठा ल्हासाकडे होती, आणि छिंग साम्राज्याचे वायव्येकडील प्रबळ प्रतिस्पर्धी झुंगार मंगोल तोवर जिंकले गेले नव्हते; ते काम पुढे १७५५ ते १७५७ च्या मोहिमांत झाले. मंगोल तरुण भिक्षूंना उच्च धर्मशिक्षणासाठी तिबेटात जावे लागत असे. तेच शिक्षण सम्राटाच्या राजधानीत, सम्राटाच्या आश्रयाने मिळू लागले तर मंगोल धर्मजीवनाचे एक केंद्र बीजिंगमध्ये निर्माण होणार होते. घरगुती अडचण आणि राजनीती यांची अशी सांगड पडून १७४४ साली युंग-हो-कुंग हा विहार झाला.

ही योजना ज्याच्यामुळे शक्य झाली तो पुरुष म्हणजे चांग्क्या हुतुक्तु रोल्पै दोर्जे (१७१७–१७८६). ईशान्य तिबेटातील आम्दो प्रांतात जन्मलेला हा बालक चांग्क्या परंपरेचा अवतार म्हणून ओळखला गेला होता. त्या प्रांतातील बंड छिंग सैन्याने मोडले त्या धामधुमीत त्याचा विहार उद्ध्वस्त झाला आणि १७२४ मध्ये वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी त्याला बीजिंगला आणण्यात आले. तो दरबारात वाढला व राजपुत्र हुंग-लीचा सहाध्यायी झाला. तिबेटी, मंगोल, मांचू व चिनी या चारही भाषा त्याला अवगत होत्या. ज्या सत्तेने त्याचे मूळ स्थान उद्ध्वस्त केले त्याच सत्तेच्या घरात त्याने नवे विद्यापीठ उभारले. या विरोधाभासाकडे चरित्रकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

भाषाभ्यासकांना रोल्पै दोर्जेचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. ‘तेंग्युर’ या शास्त्रग्रंथसंग्रहाचे तिबेटीतून मंगोल भाषेत रूपांतर करण्याचे प्रचंड काम १७४१ मध्ये हाती घेण्यात आले व १७४९ पर्यंत पुरे झाले. अनुवादक अनेक, त्यांच्या बोली निरनिराळ्या, आणि एकाच पारिभाषिक संज्ञेला प्रत्येकाचा वेगळा प्रतिशब्द. अशा स्थितीत ग्रंथ निरुपयोगी होईल हे ओळखून रोल्पै दोर्जेच्या देखरेखीखाली आधी एक तिबेटी-मंगोल परिभाषाकोश सिद्ध करण्यात आला. त्याच्या तिबेटी नावाचा अर्थ ‘विद्वानांचा आकर’ असा होतो. विषयवार रचना, प्रत्येक शास्त्राच्या संज्ञा स्वतंत्र प्रकरणात, आणि आरंभी अनुवादाची तत्त्वे, असे त्याचे स्वरूप आहे. पुढे १७५० मध्ये संस्कृत, तिबेटी व चिनी ध्वनींचा मेळ घालणारा जो ग्रंथ दरबाराने प्रसिद्ध केला, त्याच्याही पाठीशी त्याचे साहाय्य होते. पाणिनीय परंपरेतील वर्णक्रम तिबेटी लिपीच्या द्वारे छिंग दरबारात पोहोचला तो असा. युंग-हो-कुंग स्थापन झाला तो या भाषिक उद्योगाच्या ऐन भरात. तेव्हा त्याला केवळ राजकीय देखावा समजणाऱ्यांनी आधी त्या कोशाची पाने उलटून पाहणे इष्ट ठरेल.

विहारासाठी सुमारे पाचशे तरुण भिक्षू निवडण्यात आले. त्यांत मंगोल विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. सातव्या दलाई लामांकडून तिबेटातील महाविहारांचे अध्यापक मागविण्यात आले. दर्शन, तंत्र, वैद्यक, आणि गणित-ज्योतिषादी विद्या अशा चार शाखा ठरविण्यात आल्या. ल्हासाच्या विहारांत जी वादपद्धती चालते, म्हणजे उभ्याने टाळी वाजवून प्रश्न करणारा एक व बसून उत्तर देणारा दुसरा, तीच येथील अंगणांत सुरू झाली.

आता प्रश्न वास्तूचा. राजवाड्याचा विहार करताना काय राखावे व काय बदलावे? चिनी वास्तुपरंपरेत राजवाडा आणि विहार यांचा आराखडा मुळात एकच असतो. दक्षिणोत्तर अक्ष, त्यावर एकामागून एक चौक, प्रत्येक चौकाच्या उत्तरेस दक्षिणाभिमुख मुख्य दालन व दोन्ही बाजूंना उपगृहे, ही मांडणी दोन्हीकडे समान असल्यामुळे रूपांतर सुलभ झाले. वाड्याचे प्रवेशद्वार चार दिक्पालांचे दालन झाले. राजपुत्र जेथे पाहुण्यांस भेटे त्या मुख्य सभागृहात त्रिकालबुद्धांची स्थापना झाली. त्यामागील दालन हे राजपुत्राच्या अभ्यासाचे व शयनाचे. युंग-चंगचे चित्र ठेवले होते ते येथेच. त्यात अमितायुस् आदी बुद्धमूर्ती आल्या. अमितायुस् म्हणजे अपरिमित आयुष्याचा बुद्ध. मृत पित्याच्या दालनात याच देवतेची योजना व्हावी, हे योजकाच्या मनाविषयी पुष्कळ सांगून जाते.

खरी अडचण पुढच्या दालनात आली. तिबेटी विहाराला एक विशाल सभागृह लागते. शेकडो भिक्षू समोरासमोर रांगांनी बसून पठण करतात, आणि प्रकाश खिडक्यांतून न येता छताच्या उंचावलेल्या मध्यभागातून खाली उतरतो. चिनी राजवाड्यातील दालन रुंद पण उथळ असते. त्यात अशी बैठक बसत नाही. वाड्यातील स्त्रियांच्या निवासाच्या जागी असलेल्या दालनाला म्हणून पुढून व मागून जोड देऊन त्याचा तलविन्यास क्रूसाकार करण्यात आला, आणि छपरावर पाच लहान उंच मंडप बांधून त्यांतून प्रकाश आत घेण्यात आला. या मंडपांवर तिबेटी धर्तीचे सोनेरी स्तूप आहेत. हेच फा-लुन-त्यन, म्हणजे धर्मचक्राचे दालन. बाहेरून पाहणाऱ्याला पिवळ्या कौलांच्या ओळीत हे एकच छप्पर वेगळे दिसते. इतरत्र विहार राजवाड्यात सामावला आहे; येथे मात्र राजवाड्याला विहारासाठी आपला आकार मोडावा लागला. वास्तुदृष्ट्या संपूर्ण संकुलातील सर्वांत प्रामाणिक इमारत हीच म्हटली पाहिजे.

शेवटच्या चौकातील वान-फू-को ही त्रिभूम इमारत त्यानंतरची. सातव्या दलाई लामांनी पाठविलेल्या एका प्रचंड श्वेतचंदनाच्या खोडातून तेथे मैत्रेयाची मूर्ती कोरण्यात आली. जमिनीवर १८ मीटर व जमिनीखाली ८ मीटर अशी तिची एकूण लांबी सांगतात. हे खोड नेपाळमार्गे मिळविले गेले अशी परंपरा आहे. आधी मूर्ती उभी राहिली व मग १७५० च्या सुमारास तिच्याभोवती इमारत बांधली गेली. दोन्ही बाजूंच्या मंडपांना अधांतरी पुलांनी जोडलेली ही वास्तू पाहावयास लोक आजही सर्वाधिक गर्दी करतात; तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे विस्तार नको.

नामफलकांकडे आता वळले पाहिजे. संकुलातील प्रमुख दालनांवर मांचू, चिनी, तिबेटी व मंगोल अशा चार लिप्यांतील फलक आहेत. एकाच फलकावर चार लिप्या पाहिल्या की चारही एकच मजकूर सांगतात असे गृहीत धरले जाते. विहाराच्या नावापुरते तरी ते खरे नाही. मांचू नाव ‘हुवालियासुन हुवालियाका गुरुंग’ असे आहे. ते चिनी नावाचे सरळ रूपांतर असून ‘गुरुंग’ म्हणजे राजवाडाच. मंगोल नाव ‘नायिरालतू नायिरामदाखू सूमे’. यात सलोख्याचा अर्थ राखला आहे, परंतु शेवटी ‘सूमे’, म्हणजे देवालय, हा शब्द आला आहे. तिबेटी नाव तर सर्वस्वी निराळे : ‘गंदेन जिन्छाग लिंग’. ‘गंदेन’ म्हणजे तुषित, मैत्रेय ज्या स्वर्गात वाट पाहत आहे तो. शिवाय संप्रदायप्रवर्तक त्सोंगखापाने १४०९ मध्ये स्थापिलेल्या आद्य विहाराचेही नाव तेच. ‘जिन्छाग’ म्हणजे अधिष्ठानाने, कृपाप्रभावाने युक्त. ‘लिंग’ म्हणजे द्वीप, विहारनामांत नित्य येणारे उत्तरपद. येथे राजवाडा नाही, सलोखा नाही, आणि मुख्य म्हणजे ‘युंग’ नाही. ‘युंग’ ही पित्याची पदवी व पित्याच्या कारकिर्दीच्या नावाचे पहिले अक्षर. मांचूत ‘हुवालियासुन’ हाच शब्द त्या कारकिर्दीच्या नावातही आहे. तिबेटी नावातून सम्राटाचा बाप पूर्णपणे नाहीसा झाला आहे.

राज्यकर्त्यांच्या दोन भाषांत ही वास्तू राजवाडाच राहिली, आणि तेथे राहणाऱ्या भिक्षूंच्या दोन भाषांत ती देवालय झाली. १७४४ च्या स्थापनालेखाची मांडणीही याच विभागणीला धरून आहे. प्रवेशाच्या चौकात दोन अष्टकोनी शिलामंडप आहेत. पूर्वेकडील शिलेवर मांचू व चिनी पाठ आहेत आणि पश्चिमेकडील शिलेवर मंगोल व तिबेटी. चारही भाषा एका शिलेवर मावल्या नसत्या असे नव्हे. अर्धशतकानंतर त्या एकाच शिलेवर कोरल्या गेल्याच.

तो अर्धशतकानंतरचा लेख म्हणजे १७९२ चा ‘लामा-श्वो’, अर्थात ‘लामांविषयी निवेदन’. चौकोनी शिलेच्या चार बाजूंवर चार भाषांत तो कोरलेला असून छिंग राजवटीच्या धर्मनीतीविषयीचे हे सर्वांत महत्त्वाचे साधन होय. त्याची पार्श्वभूमी युद्धाची आहे. १७९१ मध्ये नेपाळच्या गुरख्यांनी तिबेटवर दुसरी स्वारी करून ताशिल्हुन्पो हा पंचेन लामांचा विहार लुटला. या स्वारीस शामार्पा या अवतारी लामाची चिथावणी होती असे दरबाराचे मत झाले, आणि हा शामार्पा सहाव्या पंचेन लामांचा नातलग होता. त्याच पंचेन लामांचे १७८० मध्ये च्यन-लुंगने आपल्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त अपूर्व स्वागत केले होते. ते युंग-हो-कुंगलाही येऊन गेले होते, व त्याच वर्षी बीजिंगमध्ये देवीच्या रोगाने त्यांचा अंत झाला होता. युद्ध जिंकल्यावर वृद्ध सम्राटाने अवतार ठरविण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवले. अवतार वारंवार एकाच घराण्यात कसे सापडतात, असा त्याचा रोकडा सवाल होता. त्यावर उपाय म्हणून त्याने दोन सुवर्णकलश करविले. एक ल्हासाच्या जोखांग मंदिरात ठेवला गेला आणि दुसरा मंगोल अवतारांसाठी युंग-हो-कुंगमध्ये. संभाव्य बालकांची नावे पट्ट्यांवर लिहून कलशात टाकावयाची व त्यांतून एक काढावयाची, असा विधी होता. त्या पट्ट्यांवरील नावेही मांचू, चिनी व तिबेटी अशा तीन लिप्यांत लिहावयाची होती.

लेखाचा आरंभ मात्र व्युत्पत्तीने होतो, आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो अवश्य पाहावा. ‘लामा’ हा शब्द जुन्या चिनी इतिहासग्रंथांत आढळत नाही व नंतरच्या ग्रंथांत तो निराळ्या अक्षरांनी लिहिलेला दिसतो, हे सांगून सम्राट स्वतःची उपपत्ती मांडतो : तिबेटीत ‘ला’ म्हणजे वर आणि ‘मा’ म्हणजे नाही, म्हणून ‘लामा’ म्हणजे ज्याच्या वर कोणी नाही तो. उपपत्ती आकर्षक आहे, पण तिबेटी वाक्यरचनेशी ती जुळत नाही. ‘मा’ हे निषेधवाचक अव्यय ज्याचा निषेध करावयाचा त्याच्या आधी येते, नंतर नव्हे. ‘अनुत्तर’ या संस्कृत शब्दासाठी तिबेटीत ‘ला-ना-मे-पा’, अक्षरशः ‘वर काही नसलेला’, अशी योजना आहे. सम्राटाच्या गुरूंनी हा पर्याय त्याला शिकविला असणार व त्याच्याच छायेत ‘लामा’ची फोड झाली असावी. तिबेटी परंपरेत ‘मा’ हा स्त्रीवाचक प्रत्यय मानून ‘श्रेष्ठ माता’ असाही अर्थ लावतात. निर्विवाद गोष्ट एवढीच की, बौद्ध अनुवादकांनी संस्कृत ‘गुरु’ शब्दासाठी ‘लामा’ ही संज्ञा स्थिर केली. राज्यकारभाराच्या कठोर लेखाची सुरुवात सम्राटाने शब्दाच्या फोडीने करावी यात त्याचा हेतू दडलेला आहे. आपल्याला ही भाषा येते, आपण तिचे ग्रंथ वाचले आहेत, म्हणूनच आपल्याला या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे, असे तो पुढे सांगतोच.

त्या लेखात च्यन-लुंगने असेही म्हटले आहे की, पीत संप्रदायाला आश्रय देण्यामागे मंगोलांना शांत ठेवण्याचा उद्देश होता; युआन सम्राटांप्रमाणे लामांची खुशामत करण्याचा नव्हता. या विधानामुळे इतिहासकारांच्या अनेक पिढ्यांनी प्रश्न निकालात काढला. विहार हे राजकारणाचे साधन, सम्राटाची भक्ती हा बुरखा, असा तो निष्कर्ष. परंतु चिनी अधिकारीवर्ग सम्राटाच्या लामाप्रेमावर नाराज होता, आणि चिनी पाठ वाचणार होता तोच वर्ग, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. याउलट च्यन-लुंगच्या कबरीचे अंतर्भाग १९२८ च्या लुटीनंतर लोकांच्या दृष्टीस पडले तेव्हा त्या भूमिगत दालनांच्या भिंतींवर संस्कृत व तिबेटी धारणी कोरलेल्या आढळल्या. ती जागा कोणी वाचावी म्हणून कोरलेली नव्हती. १७४५ मध्ये रोल्पै दोर्जेकडून त्याने चक्रसंवराची दीक्षाही घेतली होती. तेव्हा राजनीती की श्रद्धा असा पर्याय मांडणे हेच चुकीचे आहे; एका मनुष्याने दोन भाषांत दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही खऱ्या असू शकतात.

पण सम्राटाच्या मनाचा शोध घेताना तेथे राहणाऱ्या माणसांचा विसर पडू नये. दोन शतके मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातून आलेले तरुण येथे शिकले, वृद्ध झाले, आणि त्यांच्यामागून दुसरे आले. चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याअखेर होणारे मुखवट्यांचे नृत्य पाहण्यास शहरातील चिनी लोकही लोटत. बाराव्या महिन्याच्या अष्टमीला अवाढव्य ताम्रपात्रात धान्यांची व सुक्या फळांची खीर शिजवून ती राजघराण्यापासून पायरीपायरीने वाटली जाई. ते पात्र अद्याप आवारात आहे. ज्या घराला त्याच्या मालकाने केवळ सलोख्याचा राजवाडा म्हटले, तेथे अशा रीतीने एका समाजाचा संसार उभा राहिला.

१९१२ मध्ये छिंग राजवट संपली व भिक्षूंची सरकारी तैनात विस्कळीत झाली. विहाराची ही सर्वांत हलाखीची वर्षे. त्या काळातील परदेशी प्रवाशांनी येथील लामा प्रत्येक दारापाशी पैसे मागतात अशी तक्रार केलेली आढळते. दीडशे वर्षे राजकोशातून चाललेल्या संस्थेचा आधार एकाएकी तुटल्यावर तेथील रहिवाशांनी काय खावे, हा विचार त्यांतील थोड्यांनीच केला. तरीही याच काळात, १९२४ साली, देणग्या गोळा करून त्सोंगखापाची सहा मीटरहून उंच ताम्रमूर्ती फा-लुन-त्यनमध्ये बसविण्यात आली. विहाराच्या इतिहासात राजाज्ञेवाचून झालेली ही पहिली मोठी भर. जर्मन पंडित फेर्डिनांड लेसिंग यांनी येथील मूर्तींचा अभ्यास केला तो यानंतर थोड्याच वर्षांनी, लामांच्या सहवासात राहून. त्यांचा ग्रंथ १९४२ मध्ये स्टॉकहोम येथे प्रसिद्ध झाला व तो आजही टाळता येत नाही.

१९४९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारी खर्चाने इमारतींची दुरुस्ती झाली आणि १९६१ साली १८० संरक्षित स्थळांच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत युंग-हो-कुंगचा समावेश करण्यात आला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात विहार बंद होता. असंख्य देवळे त्या वर्षांत नष्ट झाली. हे स्थळ चौ एन-लाय यांच्या आदेशामुळे वाचले असे सर्वत्र सांगितले जाते. १९७९ मध्ये पुन्हा दुरुस्ती हाती घेण्यात आली आणि १९८१ मध्ये विहार भिक्षूंसह खुला झाला. यादीत नाव राहिले ते संरक्षित वास्तू म्हणून. म्हणजे राजवाड्याची कौले, रंगकाम, तुळया, फलक यांची निगा राखण्याची हमी राज्याने घेतली. पठण करणाऱ्या समाजाची हमी अशा यादीत देता येत नाही. तो परत आला तो आंतर मंगोलियातून, आणि पुन्हा राज्याच्या अनुमतीनेच.

सुवर्णकलशाचा प्रश्नही संपलेला नाही. २९ नोव्हेंबर १९९५ रोजी ल्हासाच्या जोखांगमध्ये तेथील कलशातून पट्टी काढून चिनी शासनाने अकराव्या पंचेन लामांची निवड जाहीर केली; दलाई लामांनी त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या बालकाचे नाव जाहीर केलेले होते. २००७ च्या शासकीय आदेशान्वये अवताराच्या मान्यतेसाठी सरकारी अनुमती आवश्यक करण्यात आली. च्यन-लुंगचा १७९२ चा लेख या वादात दोन्ही बाजूंनी उद्धृत होतो, परंतु बहुधा चिनी पाठावरूनच. चारही पाठांचा शब्दशः तौलनिक अभ्यास करताना कोणत्या भाषेत सम्राट ‘आम्ही’ म्हणतो आणि कोणत्या संज्ञेने भिक्षुसंघाचा निर्देश करतो, हे तपासणे त्यामुळे निव्वळ पांडित्याचे काम राहिलेले नाही.

भुयारी रेल्वेच्या स्थानकावर आज ‘युंग-हो-कुंग’ हेच नाव आहे. तेथून बाहेर पडणारा प्रवासी तिकीट काढून राजवाड्यात शिरतो. आत, स्त्रियांच्या निवासाच्या जागी असलेल्या त्या दालनात, छपरातील मंडपांतून उतरणाऱ्या उजेडात मंगोल भिक्षू रांगांनी बसतात आणि त्यांचे पठण तिबेटी भाषेत चालते.